घरचीच वेबसाइट, मग लिखापढी कशाला?

मोहल्ल्यात पूर्वी शिंपी असे, सुतार असे, वायरमन असे. आता त्यांच्या जोडीला आणखी एक कारागीर आला आहे, वेबसाइट करून देणारा मुलगा किंवा मुलगी. कोणी बी.सी.ए. करते आहे, कोणी पॉलिटेक्निकला आहे, कोणी घर सांभाळून मोबाइलवर बघत बघत शिकली आहे. कामे ओळखीतूनच येतात. लग्नाच्या जेवणानंतर मामू बाजूला घेऊन सांगतात, "बेटा, आपल्या उमरा टूरची एक वेबसाइट करून दे. पैशांचे बघू, तू काय परका आहेस?" शाळेच्या कमिटीतले एक बुजुर्ग म्हणतात, "कौमचे काम आहे, करून टाक." आंब्याच्या पेट्या मुंबईला पाठवणारे शेजारी म्हणतात, "सीझनच्या आधी होऊ दे, मग तुला खूश करतो."

बोलणे तेवढ्यावरच संपते. काय करायचे, किती दिवसांत, किती रुपयांत, पासवर्ड कोणाकडे राहणार, उद्या बिघडले तर कोण दुरुस्त करणार, यातले काहीच लिहिले जात नाही. लिहायचे म्हटले की दोघेही संकोचतात. मामूंना वाटते, भाच्याचा आपल्यावर भरवसा नाही. भाच्याला वाटते, मामू काय म्हणतील.

या संकोचामागे एक समजही असतो : कागद केला नाही म्हणजे कायद्याचा संबंध येत नाही. हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या दृष्टीने तोंडी करारही करारच असतो, फक्त काही ठरावीक व्यवहारांनाच लेखी कागद सक्तीचा आहे. त्यामुळे मामूंच्या "करून दे" आणि भाच्याच्या "करतो" यातून कायदेशीर जबाबदारी उभी राहू शकते. मात्र तिच्या अटी कोऱ्या असतात. वाद झाला की त्या कोऱ्या जागा कायदा आपल्या नियमांनी भरतो. ते नियम मामूंच्या मनात नव्हते आणि भाच्याच्याही नव्हते. म्हणून या महिन्यात एकेक कोरी जागा घेऊन पाहू की ती कायदा कशी भरतो.

"पैशांचे बघू"

पहिली कोरी जागा मेहनतान्याची. करार कायद्याच्या कलम ७० नुसार, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर फायदा घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. हे कलम कारागिराच्या बाजूचे वाटते. पण त्यातले "फुकट करण्याचा इरादा नव्हता" हे शब्द नीट वाचा. नात्यातल्या कामात नेमके हेच सिद्ध करायचे असते. मामू म्हणतील, "घरचा मुलगा, हौसेने करत होता." भाचा म्हणेल, "तीन महिने रात्री जागलो." न्यायाधीशांसमोर दोघांचेही नुसते शब्द.

रक्कम ठरलेली नसेल तर वाजवी मेहनताना किती, हेही शाबीत करावे लागते. लेखी करारावरच्या ठरलेल्या रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली झटपट चालणारा दावा लावता येतो. त्यात समोरच्याला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते. तोंडी करारावर ही वाट मिळत नाही, नेहमीचा लांबलचक दावाच करावा लागतो. त्यालाही मुदत आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरले नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. "या ईदला देतो, पुढच्या ईदला देतो" असे म्हणण्यात तीन वर्षे सहज निघून जातात.

एक सोपा उपाय फार थोड्यांना ठाऊक आहे. घरातून एकट्याने काम करणारी मुलगीसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारची उद्यम नोंदणी करू शकते. ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार नोंदणी असलेल्या अशा उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. काहीच लिहिले नसेल तर ही मुदत काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांची आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी ते घेऊ नये. या कायद्याखालच्या परिषदेकडे मूळ रकमेसाठी दाद मागण्याचा मार्ग त्यांनाही खुला आहे. नोंदणी मात्र काम घेण्यापूर्वी करावी, वाद झाल्यावर नव्हे.

वेबसाइट कोणाची?

दुसरी कोरी जागा मालकीची, आणि इथे पैसे देणाऱ्याला मोठा धक्का बसतो. मामूंनी पूर्ण पैसे दिले तरी वेबसाइटच्या कोडचा आणि डिझाइनचा कॉपीराइट आपोआप त्यांचा होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो आणि कलम १७ नुसार कृती करणारा तिचा पहिला मालक असतो. लग्नाच्या फोटोंचे उलट आहे. मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळे काही ठरले नसेल, तर त्यांचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा असतो. कोडला हा नियम लागू नाही.

नोकरीत केलेले काम मालकाचे असते, हा आणखी एक अपवाद. पण भाचा मामूंच्या ऑफिसात बसून, कधी महिन्याला पाच हजार घेऊन, कधी न घेता काम करत असेल, तर तो नोकर होता की स्वतंत्र कारागीर? कागद नसेल तर हाच वादाचा मुद्दा होतो.

कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते. तोंडी दिलेला कॉपीराइट कायद्याला ठाऊकच नाही. न्यायालय परिस्थिती पाहून मामूंना वेबसाइट वापरण्याची मुभा आहे असे मानू शकेल. पण तिच्यात बदल करून घ्यायचे असतील, दुसऱ्याकडून ती वाढवून घ्यायची असेल किंवा धंदा विकताना तीही विकायची असेल, तर अडचण उभी राहते.

कागद केला पण अर्धवट केला, तरीही कायदा कोऱ्या जागा भरतो. किती काळासाठी हे लिहिले नसेल तर पाच वर्षे धरली जातात. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर फक्त भारत धरला जातो. वेबसाइट तर जेद्दाहमध्येही उघडते आणि लंडनमध्येही. म्हणून त्या कागदावर "जगभरासाठी" आणि "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी" हे शब्द हवेतच.

डोमेन कोणाच्या नावावर?

तिसरी कोरी जागा सर्वांत धोक्याची, कारण ती काम सुरू होताच नकळत भरली जाते. मामूंचा ईमेल चालत नसतो, कार्ड जवळ नसते, म्हणून भाचा डोमेन स्वतःच्या नावावर घेतो. होस्टिंग त्याच्याच कार्डवर. पैसे स्वीकारण्यासाठी लावलेला क्यूआर कोडही तात्पुरता त्याच्याच बँक खात्याचा. "नंतर बदलू" असे ठरते आणि ते तसेच राहते.

आता याच्या दोन बाजू पाहा. धंद्याच्या बाजूने पाहिले, तर डोमेनचे नाव ही धंद्याची ओळख असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे मान्य केले आहे. ही ओळख भाच्याच्या खात्यात आहे. तो परदेशी गेला, त्याचा ईमेल बंद पडला, अल्लाह न करो त्याचे काही बरेवाईट झाले, तर वर्षाचे शुल्क भरायचे राहते आणि दुकानाची पाटीच गेल्यासारखे होते.

कारागिराच्या बाजूने पाहिले तर धोका याहून मोठा आहे. समजा, टूर रद्द झाली आणि यात्रेकरूंचे पैसे अडकले. फसवणुकीची तक्रार झाली की तपास डोमेनच्या नोंदीवरून आणि पैसा ज्या खात्यात गेला त्यावरून सुरू होतो. दोन्हीकडे नाव भाच्याचे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीत पैसा ज्या खात्यांतून फिरला ती खाती गोठवली जाऊ शकतात. मग त्याच खात्यातला घरखर्च आणि बहिणीच्या फीचे पैसेही अडकतात. तो निर्दोष सुटेलही, पण "मी फक्त वेबसाइट केली" हे सांगायला त्याच्याजवळ एक ओळही लेखी नसते. शिवाय खात्यात आलेली लाखोंची रक्कम आपली मिळकत नव्हती, हे आयकर खात्याला समजावून सांगावे लागते ते वेगळेच.

म्हणून नियम एकच : डोमेन, होस्टिंग आणि पैसे येणारे खाते हे तिन्ही पहिल्या दिवसापासून धंदेवाल्याच्या नावावर. कारागिराने फक्त हात लावायची परवानगी घ्यायची, तीही लेखी.

पैसे दिले नाहीत म्हणून वेबसाइट बंद केली तर?

मेहनताना मिळत नाही म्हटल्यावर तरुण रक्त तापते. पासवर्ड आपल्याकडे असतोच. एका रात्रीत वेबसाइट बंद करायची, किंवा पहिल्या पानावर "या मालकाने पैसे बुडवले" असे लिहून टाकायचे. घेणे खरे असले तरी ही वाट कधीही धरू नये.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे, तिच्यातील माहिती पुसणे किंवा बदलणे, तिचे काम अडवणे किंवा हक्कदाराला आत येऊ न देणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असे ठरले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वर बदनामीच्या तक्रारीचीही भीती. वीस हजारांचे घेणेकरी असलेला मुलगा असा एका रात्रीत आरोपी होतो, आणि ज्यांनी पैसे दिले नाहीत ते फिर्यादी होतात.

पूर्ण पैसे मिळेपर्यंत वेबसाइट आपल्या चाचणीच्या जागेवरच दाखवायची आणि हिशेब पूर्ण झाल्यावर मालकाच्या होस्टिंगवर चढवायची, असे आधी लिहून घेता येते. तेव्हा न चढवणे हा कराराचा भाग असतो. चढवल्यानंतर ती पाडण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही.

फोटो कुठून आणले?

"गूगलवरून चांगले फोटो टाक," हे वाक्य प्रत्येक कारागिराने ऐकलेले असते. शोधून सापडलेला फोटो म्हणजे मोफत फोटो नव्हे. भारतात फोटोचा कॉपीराइट तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. चोरून मिळवलेले सॉफ्टवेअर माहीत असूनही वापरणे हा वेगळा गुन्हा आहे. फोटोच्या मालकाची नोटीस आली की ती धंदेवाल्याला येते, धंदेवाला कारागिराकडे बोट दाखवतो, आणि फोटो कोणी टाकायला सांगितला होता हे कुठेच लिहिलेले नसते. "मजकूर आणि फोटो तुम्ही द्याल, त्यांची जबाबदारी तुमची, मी आणलेल्या फोटोंची जबाबदारी माझी" एवढे वाक्य लिहिले तरी वादाचे मूळ जाते.

पासपोर्टच्या प्रती

उमरा टूरच्या वेबसाइटवर लोक पासपोर्टची प्रत, आधार, मोबाइल क्रमांक, घरच्या स्त्रियांचे फोटो पाठवतात. ही लोकांची अमानत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या धंद्यावर, म्हणजे मामूंवर आहे. हाच कायदा असेही सांगतो की ग्राहकांना सेवा देताना त्यांची माहिती दुसऱ्या कोणाकडून हाताळून घ्यायची असेल तर ते वैध करारानेच करता येईल. म्हणजे इथे करार न करणे हीच कायद्याच्या दृष्टीने उणीव ठरते. भाच्याच्या लॅपटॉपवर दोनशे पासपोर्टांच्या प्रती पडून असतील, तर त्या का आहेत आणि काम संपल्यावर कधी पुसायच्या, हे लिहिलेले हवे.

मुलगी सतरा वर्षांची असेल तर

अकरावी-बारावीतली मुलेही आता अशी कामे घेतात. करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे करार करणारी व्यक्ती सज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली हवी. अल्पवयीनाचा करार मुळातच निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात ठरवले आणि तोच नियम आजही चालतो.

वडिलांनी मुलीच्या वतीने करार केला तर? मुंबई उच्च न्यायालयासमोर राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात असेच घडले होते. अल्पवयीन अभिनेत्रीसाठी तिच्या वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी करार केला होता. निर्मात्याने तो मोडला, तेव्हा त्या करारावर भरपाई मिळू शकली नाही, कारण अल्पवयीन मुलीचे वचन कायद्याच्या दृष्टीने मोबदला ठरत नाही. म्हणून मुलगी काम करणार असली तरी ते आई-वडिलांपैकी किंवा मोठ्या भावंडांपैकी कोणी स्वतःच्या नावावर घ्यावे, जबाबदारीही स्वतः उचलावी आणि मेहनताना तिच्या हाती द्यावा.

"कौमचे काम आहे"

शाळा, मदरसा, दवाखाना चालवणाऱ्या संस्थांची वेबसाइट बहुतेक वेळा सवाबसाठी, विनामूल्य केली जाते. ते चांगलेच आहे. मात्र फुकट असले तरी फुकट आहे असे लिहावे. नाहीतर पाच वर्षांनी कमिटी बदलते आणि नवे सेक्रेटरी विचारतात, "हे कोणाच्या परवानगीने केले?" एका सभासदाने तोंडी सांगितलेले काम संस्थेने सांगितलेच असे धरता येत नाही. संस्थेच्या पत्रावर, अध्यक्षांच्या किंवा सेक्रेटरींच्या सहीने दोन ओळी घ्याव्यात.

वेबसाइटवर देणगीचे बटण लावायचे असेल तर जास्त जपावे. विदेशी देणगीसाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. आखातात राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत, पण ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याचे ठरतात. वेबसाइटवरचे बटण हा फरक ओळखत नाही. ते लावायचे की नाही हा निर्णय संस्थेने तिच्या लेखापालाला विचारून लेखी कळवावा, कारागिराने स्वतः घेऊ नये.

मग काय लिहायचे?

वकिली भाषेची गरज नाही. छोट्या कामासाठी साध्या मराठीत एक संदेश पुरेसा आहे. बोलणे झाले त्याच दिवशी ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवावा. नमुना असा :

"अस्सलामु अलैकुम मामू, आज आपले बोलणे झाले ते लक्षात राहावे म्हणून लिहीत आहे. मी तुमच्या धंद्यासाठी पाच पानांची वेबसाइट ३० दिवसांत करून देईन. मेहनताना २०,००० रुपये. निम्मे सुरुवातीला, निम्मे वेबसाइट चढवण्यापूर्वी. डोमेन, होस्टिंग आणि पैसे येण्याचे खाते तुमच्या नावावर राहील व त्याचा खर्च तुमचा. मजकूर आणि फोटो तुम्ही द्याल, त्यांची जबाबदारी तुमची. दोनदा बदल करून देईन, त्यापुढच्या बदलांचे पैसे वेगळे. ग्राहकांची कागदपत्रे मी फक्त या कामापुरती पाहीन आणि काम संपल्यावर माझ्याकडून पुसून टाकीन. पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व पासवर्ड आणि कोड तुमच्या हवाली करीन. माझ्या चुकीने नुकसान झाले तर माझी जबाबदारी मेहनतान्याच्या रकमेपर्यंत राहील. मतभेद झाला तर आधी आपण दोघांना मान्य असलेल्या मोठ्या माणसापुढे बसू. हे मान्य असेल तर 'मान्य आहे' एवढे उत्तर पाठवा."

ईमेल आणि संदेशांनी झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १० अ मान्य करते. न्यायालयात असे संदेश १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह दाखल करता येतात. त्यासाठी मूळ संदेश फोनमध्ये राहायला हवेत. आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय अशा संभाषणात बंद ठेवा आणि फोन बदलताना जुने संभाषण जपून घ्या.

कॉपीराइटची ओळ मात्र संदेशावर सोडू नका, कारण तिथे सही लागते. काम हवाली करताना एका कागदावर "या वेबसाइटच्या कोडचा व डिझाइनचा कॉपीराइट जगभरासाठी, संपूर्ण मुदतीसाठी दिला" असे लिहून तारीख घालावी आणि सह्या कराव्यात. काम मोठे असेल तर पूर्ण करारच मुद्रांकावर करून घ्यावा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या जागी पाचशे रुपयांचा मुद्रांक आला आहे, हे लक्षात असू द्या.

ग्राहक परदेशात असेल तर आणखी दोन ओळी हव्यात : वाद झाला तर भारतीय कायदा लागेल आणि दावा आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात चालेल. पैसे बँकेमार्फतच घ्यावेत. कोणाच्या हाती पाठवलेली रोकड किंवा हवाला नको.

काम आधीच झाले असेल तर

ज्यांचे काम कागदाशिवाय होऊन गेले आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. आजच एक सभ्य संदेश लिहावा : अमुक तारखेला अमुक काम सोपवले, इतके पैसे आले, इतके बाकी आहेत, डोमेन तुमच्या नावावर करून घ्या. उत्तर आले तर तोच पुरावा होतो. वेबसाइटच्या जुन्या प्रती, खर्चाच्या पावत्या, खात्यातल्या नोंदी एकत्र कराव्यात. काम कोणत्या तारखेला पूर्ण झाले ते पाहून तीन वर्षांची मुदत मोजावी.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवून समेट करता येतो, आणि नात्यातल्या वादाला ही जागा न्यायालयापेक्षा बरी.

शेवटी संकोचाविषयी. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे आणि ती उधारीच्या व्यवहारांच्या लिखापढीबद्दल आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदत घालून लिहायला कंटाळू नका, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. हातोहात मिटणारी खरेदी-विक्री लिहिली नाही तर हरकत नाही, अशी सवलतही तिथेच आहे. वेबसाइटचे काम हातोहात मिटणारे नसते. आज काम, उद्या पैसे, परवा दुरुस्ती, आणि मध्ये कित्येक महिने. मजुराच्या घामाविषयीची हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. तिच्यावर अमल करायचा तर मजुरी किती आणि कधी, हे दोघांनाही आधी ठाऊक हवे.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "तू काय परका आहेस?", तर हसून सांगा, "नाही मामू, म्हणूनच लिहितो." आणि हे वाचणारे मामू असतील, तर भाच्याचा संदेश येण्याची वाट न पाहता त्यांनीच आधी लिहावे. मोठ्यांनी आधी लिहिले की लहानांचा संकोच आपोआप जातो.